ठळक अक्षरातलं पोटॅशियम

रात्रीचे पावणेदहा, कांजूरमार्ग गेलं आणि भांडुप यायच्या आधी गाडी नेहमीसारखी उगाच थांबलेली, आणि दादाचा व्हॉट्सअ‍ॅप आला, चौदा पानांची पीडीएफ आणि खाली एक ओळ : बघ गं जरा, आईचं काहीतरी ठळक आलंय.

मी नववं पान झूम केलं. पोटॅशियम ६.४. बाजूला त्यांची रेंज ३.५ ते ५.१. ठळक अक्षरात, वर बाणही.

आता माणसाने अशा वेळी गूगल करू नये हे मला कळतं, मी दुसऱ्यांना सांगतेसुद्धा. पण गाडी थांबलेली होती. दोन मिनिटांत मला एवढं कळलं की पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि ते बंदही पडू शकतं. भांडुपला उतरले, ब्रिज चढले, पलीकडे उतरून परत सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत बसले आणि दादाला फोन लावला. आई काय करतेय? सिरीयल बघतेय, म्हणाला, आणि मधेमधे उद्याच्या डब्याची भेंडी चिरतेय.

आमचे डॉक्टर लालबागमध्ये तीस वर्षं दवाखाना चालवतात आणि रात्री फोन उचलतात, हे आमचं नशीब. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, हा आकडा मला खोटा वाटतोय, पण वाटण्यावर झोपायचं नसतं, आत्ताच्या आत्ता ईसीजी काढा आणि पोटॅशियम परत पाठवा, आणि रक्त काढणाऱ्याला सांगा पट्टा फार वेळ बांधून ठेवू नको. मग काय, आई चाळीचे तीन जिने उतरून, 'मला काही झालेलं नाही, तुम्हालाच झालंय' असं म्हणत टॅक्सीत बसली. ईसीजी स्वच्छ. पोटॅशियम ४.३. रात्रीचा दीड वाजलेला, आणि आई म्हणाली, भेंडी तशीच उघडी राहिली.

दुसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर आल्यावर मी ती पीडीएफ पहिल्यापासून वाचली. शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, लिहिलेलं होतं की सॅम्पल थोडं हिमोलाइज्ड आहे, म्हणजे त्यातल्या काही लाल पेशी फुटल्यात. म्हणजे त्यांना माहीत होतं! पण पोटॅशियम ठळक आणि हे वाक्य बारीक. कुठली लॅब ते सांगत नाही, आणि खरं तर अख्खा दोष त्यांचा नाहीही. आईच्या शिरा सापडत नाहीत. सकाळी घरी रक्त घ्यायला आलेल्या मुलाने पट्टा बांधला, मूठ उघडा-मिटा करायला लावली, हातावर चापट्या मारल्या, पहिल्यांदा चुकला, परत पट्टा आवळला, मग बारीक सुई घालून सिरिंजचा दट्ट्या जोर लावून ओढला. वहिनी सांगते, पाचेक मिनिटं चाललं होतं. मग ती बॅग बाइकवर शिवडी, भायखळा अशी अजून चार घरं फिरून लॅबला गेली.

आपल्या अंगातलं बहुतेक सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. लाल पेशीच्या आत ते बाहेरच्या पाण्यापेक्षा वीसपटीहून जास्त. त्यामुळे सुईतून ओढताना थोड्याशा पेशी जरी फुटल्या तरी आतलं बाहेर सांडतं आणि मशीन बिचारं जे सांडलंय तेच मोजतं. मूठ आवळत राहिलं तर दंडाच्या खालचे स्नायू पोटॅशियम सोडतात, त्यानेही आकडा चढतो. म्हणजे ते ६.४ खरंच होतं, फक्त आईचं नव्हतं, त्या नळीचं होतं.

तेव्हापासून मला नळ्यांचं वेड लागलं. पुढच्या वेळी जो मुलगा आला तो विक्रोळीचा, बोलका, त्याला मी प्रश्न विचारून हैराण केलं. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं, ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही, म्हणून सीबीसी, म्हणजे पेशींची मोजणी, त्यात. पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त मुद्दाम गोठू देतात, खाली जेल असते, फिरवल्यावर गुठळी खाली आणि वर स्वच्छ सिरम, त्यात किडनी, लिव्हर, थायरॉईड, कोलेस्टेरॉल सगळं. राखाडी साखरेची, तिच्यात फ्लोराइड, कारण नळीत गेल्यावरही पेशी जिवंत असतात आणि जिवंत आहेत म्हटल्यावर त्यांना भूक लागते, त्या नळीतली साखर खात बसतात, तासाला पाच ते सात टक्के. फ्लोराइड त्यांचं जेवण थांबवतं, तेही लगेच नाही, जरा वेळाने. म्हणजे तुमची फास्टिंग शुगर एखाद्या वेळी साध्या नळीत तीन तास ट्रॅफिकमध्ये अडकली तर रिपोर्ट छान येतो आणि तुम्ही संध्याकाळी आंबा खाता. आणि जांभळ्या नळीतलं रक्त चुकून पिवळ्या नळीत गेलं तर पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पाताळात, कारण ते ईडीटीए पोटॅशियमचाच क्षार असतो. म्हणून नळ्या भरायचा क्रम ठरलेला असतो. मला इतकी वर्षं वाटायचं हाताला येईल ती नळी भरतात.

जांभळ्या नळीचा अजून एक किस्सा आमच्याच घरातला. दोन पावसाळ्यांपूर्वी भाच्याला ताप आला, ऑगस्ट महिना, मुंबईत त्या दिवसांत ताप म्हणजे आधी डेंग्यू, मग मलेरिया, मग गुडघाभर पाण्यातून आला असेल तर लेप्टोस्पायरोसिस, असाच विचार करायचा असतो. प्लेटलेट्स ३८,०००. अख्खी चाळ कामाला लागली, कोणी पपईची पानं आणली, कोणी किवी, किवीवाल्याने भाव दुप्पट केला (त्याला डेंग्यूचा सीझन आमच्याआधी कळतो). पोरगा मात्र कॉटवर बसून मोबाईल खेळत होता, अंगावर ठिपका नाही, हिरड्यातून रक्त नाही. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी स्लाइड स्वतः बघितली आणि दिसलं की प्लेटलेट्सचे पुंजकेच्या पुंजके झालेत. काही जणांच्या रक्तात ईडीटीए लागलं की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, मशीन त्या पुंजक्याला प्लेटलेट समजत नाही आणि मोजत नाही. मग ईडीटीएऐवजी सायट्रेट असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं, १,८०,००० आल्या. साधा व्हायरल. किवी आम्ही आठवडाभर खात होतो.

तर ठळक अक्षरं. रेंज म्हणून जी छापतात ती काढतात कशी, तर धडधाकट माणसं घ्यायची, निदान १२० तरी, त्यांचे आकडे ओळीने लावायचे आणि वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के कापून टाकायचे. मधले पंच्याण्णव टक्के म्हणजे नॉर्मल. पण कापलेली माणसंही धडधाकटच होती की! म्हणजे काही न झालेल्या माणसाचा प्रत्येक टेस्टमध्ये वीसात एकदा नंबर लागणारच. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या तर सगळं रेंजमध्ये येण्याची शक्यता वीस वेळा ०.९५ लिहून सगळे एकमेकांशी गुणून बघा, छत्तीस टक्के येते. चौसष्ट टक्के वेळा निदान एक तरी ठळक. खऱ्या टेस्ट एकमेकींशी थोड्या बांधलेल्या असतात म्हणून हिशोब इतका सरळ नाही, पण ते 'ऐंशी टेस्ट फक्त इतक्या रुपयांत' पॅकेज घेतलं की काहीतरी ठळक हमखास मिळतं. आईचा ईएसआरही ठळक होता, ३८. ईएसआर म्हणजे नुसतं उभ्या नळीत रक्त ठेवून तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. वय वाढलं की तो वाढतोच. बायकांसाठी ढोबळ हिशोब असा की वयात दहा मिळवा आणि निम्मे करा, आईच्या एकाहत्तरला साडेचाळीस येतात. म्हणजे ३८ ठीकच. रेंजमध्ये मात्र २० छापलेलं, सगळ्या बायकांना एकच.

आमच्या घरी रिपोर्ट कायम प्रगतिपुस्तकासारखे वाचले जातात. आईची एक प्लास्टिकची फाईल आहे, गॅसचं बुक आणि एलआयसीच्या पावत्यांबरोबर कपाटात, तिच्यात सगळे रिपोर्ट. नापास झालेले विषय कुठले तेवढं बघायचं, बाकीचे विषय पास, विषय संपला.

तीन आठवड्यांनी मी पोटॅशियमची गोष्ट डॉक्टरांना हसत हसत परत सांगत होते तर ते हसले नाहीत. म्हणाले, ते जाऊ दे, फाईल आण. सगळी. मग त्यांनी टेबलावर चार रिपोर्ट ओळीने मांडले. हिमोग्लोबिन २०१६ ला १२.४, मग ११.६, मग १०.९, आणि आत्ता ९.८. हे शेवटचे तिन्ही ठळकच होते! पण बायकांचं हिमोग्लोबिन कमीच असतं, हे आमच्या घरात इतकं रुजलंय की तो बाण डोळ्यांना दिसेनासाच झाला होता. मधे एकदा दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलंही होतं, तिथे सांगितलं की एमसीव्ही नॉर्मल आहे, वयोमानाने होतं असं, बीट खायला द्या.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीची सरासरी साईझ. नॉर्मल ८० ते १००. लोह कमी असलं की पेशी बारीक होतात, कारण पेशी तयार होताना आत पुरेसं हिमोग्लोबिन भरेपर्यंत विभागत राहते आणि लोह नसेल तर ते भरतच नाही, मग एक विभागणी जास्तीची होते. बी-ट्वेल्व्ह कमी असलं की उलटं, विभागायला लागणारा डीएनए वेळेवर तयार होत नाही आणि पेशी नुसती वाढत बसते, मोठी होते. आईचा एमसीव्ही ८६. बारीक नाही, मोठी नाही, पास.

डॉक्टरांनी बोट त्याच्या दोन ओळी खाली ठेवलं. आरडीडब्ल्यू २१. आम्ही कोणी आयुष्यात ती ओळ वाचली नव्हती. पेशींच्या आकारात किती मिसळमिसळ आहे ते तो सांगतो, साधारण साडेचौदाच्या आत असायला हवा. घरी येऊन मी वहिनीला सांगितलं ते असं : एका डब्यात मसूर आणि काबुली चणे मिसळ आणि सरासरी दाणा केवढा ते विचार, उत्तर वाटाण्याएवढा येईल, आणि डब्यात वाटाणा एकही नाही. आईच्या रक्तात लोहाच्या अभावाने बारीक झालेल्या पेशीही होत्या आणि बी-ट्वेल्व्हच्या अभावाने फुगलेल्याही, दोघींनी मिळून एकमेकींना झाकलं होतं आणि सरासरी एकदम सुंदर आली होती. स्लाइड बघायला सांगितली तर तिच्यात दोन्ही दिसल्या, शिवाय पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला सहा-सहा पाकळ्या, ती बी-ट्वेल्व्ह नाहीतर फोलेट कमी असल्याची खूण. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ९, बी-ट्वेल्व्ह ११८. दोन्ही तळाला.

मग मला मागच्या दीड वर्षातल्या गोष्टी आठवायला लागल्या, म्हणजे ज्या दिसत होत्या आणि आम्ही बघितल्या नव्हत्या. आई म्हणायची पायाला मुंग्या येतात. चप्पल पायातून निसटते आणि मला कळतच नाही गं, मागे राहते. आम्ही म्हणायचो चप्पल बदल. बदलली, दोनदा.

बी-ट्वेल्व्ह कमी का, त्याची उत्तरं घरातच होती. आई मूळची मालवणची, पण बाबा गेल्यावर तिने माळ घातली, त्याला अकरा वर्षं झाली, मासे बंद, अंडं बंद, आणि दूध तिला आधीपासून पचत नाही. बी-ट्वेल्व्ह भाजीपाल्यात नसतं, कितीही पालक खा. वर शुगरसाठी मेटफॉर्मिन आठ वर्षं, त्याने ते शोषून घेणं कमी होतं, आणि ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी, त्यानेही. शरीरात साठा असतो म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही, मग एकदम मुंग्या.

शेजारच्या काकींनी रक्तवाढीचं एक टॉनिक आणून दिलं होतं, लोह आणि फॉलिक ॲसिडवालं. डॉक्टर त्या बाटलीवर मात्र चिडले. फॉलिक ॲसिड एकटं दिलं की बी-ट्वेल्व्ह नसतानाही रक्त सुधारतं, पेशी परत नीट होतात, रिपोर्ट पास होतो, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे आकडे सुधारत गेले असते आणि आईचे पाय जात राहिले असते.

इथे जरा वाकडी वाट करते, कारण फॉलिक ॲसिडची गोष्ट आमच्या गल्लीतली आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. इथल्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात भयंकर ॲनिमिक व्हायच्या, मरायच्यासुद्धा, आणि त्यांच्या लाल पेशी मोठ्या मोठ्या दिसायच्या. तिने परळच्या हाफकिनमध्ये काम केलं, बायकांचं खाणं तपासलं, उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी सापडलं की मार्माइट, म्हणजे बिअरच्या यीस्टचं ते काळं खारट चाटण, दिलं की या बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये तिने ते छापलं. त्यात नेमकं काय आहे ते तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून त्याला विल्स फॅक्टर म्हणायचे. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि पानावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड. माझी पणजी त्याच सुमाराला गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, तिची पाच बाळंतपणं झाली, दोन मुलं राहिली. तिची बोटं टोचून कोणी रक्त बघितलं होतं का, कोण जाणे. आचार्य दोंदे मार्गावरून बस जाते तेव्हा मी हाफकिनच्या गेटकडे हल्ली वळून बघते.

राहिलं लोह. एकाहत्तराव्या वर्षी, पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या बाईचं लोह संपतं तेव्हा रक्त कुठून जातंय ते शोधायचंच असतं, गोळ्या देऊन गप्प बसायचं नसतं. एंडोस्कोपीत जठरात अल्सर निघाला. कारण पर्समध्ये होतं. तीन जिने, दुखणारे गुडघे आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून न विचारता मिळणारी पेनकिलर, कधी रोज एक, कधी दोन. आणि त्याच गोळीची दुसरी पावती पण रिपोर्टमध्ये साध्या अक्षरात बसली होती : क्रिएटिनिन १.१, पास. क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा, तो स्नायूंतून येतो, आईच्या बेचाळीस किलोच्या अंगात स्नायू कितीसे. वय आणि बाई असणं धरून हिशोब लावला तर किडनीची गाळण्याची गती मिनिटाला साधारण ५४ मिलिलिटर निघते, तोच १.१ तीस वर्षांच्या पुरुषाचा असता तर नव्वदच्या वर. साठच्या खाली तीन महिने राहिलं तर किडनीचा आजार धरतात. पेनकिलर त्या दिवशी बंद झाली. गुडघ्यांसाठी आता व्यायाम आणि बाम, आणि कुरकुर.

बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला. लोह सुरू, अल्सरचा कोर्स झाला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१. आणि एचबीएवनसी, जी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, ती ६.८ वरून ६.३. आई खूश, म्हणाली मेथीचं पाणी. मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, मेथीला थोडे मार्क देऊ, पण लाल पेशी जेवढे दिवस रक्तात फिरते, साधारण १२० दिवस, तेवढी साखर तिला चिकटत जाते. लोह आणि बी-ट्वेल्व्ह कमी असताना रक्तात जुन्या पेशी जास्त राहतात, म्हणून साखर असते त्याहून वाढलेली दिसते. आता नव्या कोऱ्या पेशी आल्यात, त्यांना अजून फारशी चिकटलेली नाही, म्हणून आत्ताचा आकडा उलट जरा कमीच दिसत असेल. अजून तीन महिन्यांनी बघू. आईला मी हे सांगितलेलं नाही. मेथीचं पाणी चालू आहे.

मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, घोट्याच्या खाली अजून आहेत. पण मागच्या महिन्यात ती मार्केटमधून आली आणि दारात म्हणाली, अगं जिन्यात चप्पल निसटली ती मला कळली.

गेल्या रविवारी परत रक्त घ्यायचं होतं, मी मुद्दाम आदल्या रात्रीच लालबागला राहायला गेले होते. पावणेसातला नवीनच कोणीतरी मुलगा आला, हेल्मेट काढलं, बॅग उघडली, पट्टा बांधला आणि म्हणाला, आजी, मूठ घट्ट करा आणि उघडबंद करा.

आईने हात सरळ ठेवला. मूठ नाही करणार, म्हणाली, पोटॅशियम वाढतं. आणि तो पट्टा सोड, आधी शीर शोध, मग बांध.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी भेंडी चिरत होते.